रेहंटर: खोटा टॉवर पकडणारं खिशातलं यंत्र

खोट्या बेस स्टेशनबद्दल, म्हणजे खऱ्या मोबाइल टॉवरचं सोंग घेऊन आसपासच्या फोनना आपल्याशी बोलायला लावणाऱ्या यंत्राबद्दल, वाचायला भरपूर मिळतं. पण "आत्ता, इथे, माझ्या फोनशी कोणी खोटा टॉवर बोलतोय का?" या प्रश्नाचं उत्तर देणारं, सामान्य माणसाला झेपेल असं साधन बराच काळ नव्हतं. ती उणीव रेहंटरने बऱ्याच अंशी भरून काढली आहे. अमेरिकेतल्या इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन, म्हणजे ईएफएफ, या संस्थेने मार्च २०२५ मध्ये हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर जाहीर केलं. ते फोनवर चालत नाही. ऑर्बिक आरसी४००एल नावाच्या छोट्या, स्वस्त ४जी हॉटस्पॉटमध्ये ते बसवायचं. पुढे टीपी-लिंकचा एम७३५० आणि आणखी काही हॉटस्पॉटही यादीत आले.

आमचं मत आधीच सांगून टाकतो. यंत्र घेण्यासारखं आहे, आणि ते त्याच्या पडद्यावरच्या इशाऱ्याच्या रेषेपेक्षा त्याच्या पोटात साठणाऱ्या नोंदीसाठी घ्यावं. रेष लाल झाली म्हणून घाबरणारे आणि हिरवी राहिली म्हणून निर्धास्त होणारे, दोघेही फसू शकतात. नोंद वाचायला शिकलात तर हे यंत्र फार मोलाचं आहे.

हॉटस्पॉटच का?

फोनमधल्या अॅपना मोडेम (टॉवरशी बोलणारी फोनमधली चिप) आणि टॉवर यांच्यातला खरा संवाद दिसत नाही. अँड्रॉइड त्यांना सेलचा (टॉवरच्या एका प्रक्षेपण-क्षेत्राचा) क्रमांक, सिग्नलची ताकद, नेटवर्कचा प्रकार एवढंच देतं. टॉवरने सिमचा कायमचा क्रमांक मागितला का, संवाद गुप्त ठेवणारं एन्क्रिप्शन कोणतं ठरलं, नकार कोणत्या कारणाने दिला, हे सगळं मोडेमच्या आतच राहतं. २०१४ मध्ये आलेल्या स्नूपस्निच या अॅपने क्वालकॉम कंपनीच्या मोडेमपर्यंत हात घातला होता, पण त्यासाठी फोन रूट करावा, म्हणजे त्याच्या प्रणालीचा पूर्ण ताबा घ्यावा लागे आणि त्याचा भर २जी-३जीवर होता. २०१७ मध्ये संशोधकांनी अशी पाच अँड्रॉइड अॅप प्रयोगशाळेत तपासली, तेव्हा पाचही चकवता आली.

ईएफएफचाच आधीचा क्रोकोडाइल हंटर हा प्रकल्प दुसऱ्या टोकाचा होता. लिनक्स लॅपटॉप, सॉफ्टवेअर रेडिओ आणि अँटेना घेऊन आसपासच्या सगळ्या ४जी सेलचं प्रक्षेपण ऐकायचं. त्यात भोवतालचं चित्र मोठं दिसतं, पण तो फक्त ऐकणारा. खोटा टॉवर एखाद्या मोडेमला प्रत्यक्ष काय विचारतो ते त्याला कळत नाही.

रेहंटरने मधली वाट धरली. हॉटस्पॉटमधला क्वालकॉम मोडेम खरा ग्राहक बनून नेटवर्कशी बोलतो आणि रेहंटर त्याच्या डायग्नोस्टिक, म्हणजे तपासणीसाठी ठेवलेल्या, मार्गावरून तो संवाद जसाच्या तसा उतरवून घेतो. हॉटस्पॉट आमिष आहे, आणि खोट्या टॉवरने आमिषाला तोंड लावलं की पुरावा तयार. इतर कोणाचे कॉल किंवा मेसेज तो ऐकत नाही. फक्त स्वतःच्या मोडेमशी झालेले नियंत्रण-संदेश टिपतो.

बसवताना

गिटहबवरून आपल्या संगणकाच्या प्रणालीला जुळणारी झिप उतरवायची, उघडायची आणि टर्मिनलमधून आतला इन्स्टॉलर यंत्राचं नाव देऊन चालवायचा. ऑर्बिकला नव्या आवृत्त्यांत वायफायवरूनच बसवता येतं. त्यासाठी हॉटस्पॉटचा अॅडमिन पासवर्ड द्यावा लागतो. पासवर्ड वायफायच्या पासवर्डसारखाच आहे की वेगळा, हे ते यंत्र कोणत्या कंपनीसाठी बनलं त्यावर ठरतं, आणि बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. आधी ब्राउझरमधून हॉटस्पॉटच्या पानावर लॉगिन होतंय याची खात्री करा, मगच इन्स्टॉलर चालवा. मॅकवर इन्स्टॉलर उघडायला नकार मिळाला तर फाइलवरची क्वारंटाइन खूण काढावी लागते. टीपी-लिंक घेत असाल तर मागच्या लेबलवरची हार्डवेअर आवृत्ती आधी पाहा, कारण एम७३५० या एकाच नावाखाली वेगवेगळी यंत्रं विकली गेली आहेत. त्यात फॅट फॉरमॅट केलेलं एसडी कार्डही घालून ठेवा.

बसवून झालं की हॉटस्पॉटच्या वायफायला जोडून ब्राउझरमध्ये ऑर्बिकसाठी १९२.१६८.१.१ आणि टीपी-लिंकसाठी १९२.१६८.०.१ हा पत्ता पोर्ट ८०८० सह टाकायचा. नोंदींची यादी, विश्लेषण, सेटिंग, सगळं तिथेच आहे. या पानाला स्वतंत्र पासवर्ड नाही. हॉटस्पॉटच्या वायफायवर असलेला कोणीही तुमच्या नोंदी उतरवून घेऊ शकतो आणि त्या नोंदींत तुमच्या सिमचा क्रमांक असतो. म्हणून वायफायचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला. सुरक्षेसाठी घेतलेल्या यंत्रात ही ढिलाई आम्हाला खटकली.

बसवलेलं नीट चालतंय का, हे पाहण्यासाठी सेटिंगमध्ये चाचणीचा निकष आहे. तो चालू केला की नवा सेल दिसताच इशारा येतो. पाच-दहा मिनिटं फिरून इशारे येताहेत याची खात्री करा आणि लगेच तो बंद करा, नाहीतर खऱ्या इशाऱ्याचा पत्ताच लागणार नाही.

पट्टे आणि सिम: इथे चुकलात तर सगळं वाया

यंत्र निवडताना सगळ्यात आधी पाहायचं ते ४जीचे बँड, म्हणजे वारंवारितेचे पट्टे. ऑर्बिक अमेरिका खंडांतल्या नेटवर्कसाठी बनलेला आहे. युरोप, आफ्रिका, पश्चिम आशिया या बाजूला टीपी-लिंक जास्त जुळतो. मोडेमला जो बँड ऐकूच येत नाही, त्यावरचा खोटा टॉवर त्याच्यासाठी अस्तित्वातच नाही. तुमचा ऑपरेटर कोणत्या बँडवर सेवा देतो आणि यंत्र कोणते बँड घेतं, या दोन याद्या शेजारी ठेवून बघा.

दुसरी गोष्ट सिमची. सिम घातल्याशिवाय यंत्र उपयोगाचं नाही. चालू नसलेलं सिमही पुरेल असं वाटतं, पण आम्ही ते सुचवणार नाही. चालू सिम नेटवर्कवर एकदा नोंदलं गेलं की नेटवर्क त्याला तात्पुरती ओळख देतं आणि पुढचा व्यवहार त्या ओळखीवर चालतो. अशा वेळी मध्येच कोणी कायमचा क्रमांक, म्हणजे आयएमएसआय, मागितला तर त्या मागणीला अर्थ असतो. बंद सिमला खरं नेटवर्कसुद्धा ओळखत नाही. ते क्रमांक विचारतं, ग्राहक यादीत नाही म्हणून प्रमाणीकरण (गुप्त किल्लीने ओळखीची पडताळणी) न करताच नकार देतं, आणि हा क्रम खोट्या टॉवरच्या वागण्याशी हुबेहूब जुळतो. वर हे सगळं पुन्हा पुन्हा होत राहतं.

सिम ज्या ऑपरेटरचं, त्याच ऑपरेटरच्या नावाने आलेला खोटा टॉवर मोडेमला भुलवू शकतो. दुसऱ्या ऑपरेटरचं सोंग घेतलेला टॉवर शेजारी उभा असला तरी रेष हिरवीच राहील. म्हणून सिम तुमच्या रोजच्या फोनच्या ऑपरेटरचंच हवं.

इशारे आणि त्यांचं वजन

सगळं ठीक असताना पडद्याच्या वरच्या कडेला एक बारीक हिरवी रेष दिसते. ज्यांना लाल-हिरव्यातला फरक कळत नाही त्यांच्यासाठी ती निळी करण्याची सोय आहे. इशाऱ्याच्या गांभीर्यानुसार ती पिवळी, नारिंगी किंवा लाल होते. या रेषेमागचे निकष समजून घेतले पाहिजेत, कारण सगळ्यांचं वजन सारखं नाही.

आयएमएसआय मागितल्याचा इशारा सगळ्यात ठळक, आणि गैरसमजही त्याबद्दलच जास्त. यंत्र बराच वेळ बंद राहिलं, विमानप्रवास झाला, लांब बोगद्यातून बाहेर आलात, तर खऱ्या नेटवर्ककडेही तुमची तात्पुरती ओळख शिल्लक नसते आणि ते सरळ कायमचा क्रमांक विचारतं. हे तंत्राच्या नियमांतच आहे. म्हणून सुरू केल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतल्या इशाऱ्याला आम्ही फारसं महत्त्व देत नाही. नव्या आवृत्त्यांत नुसत्या मागणीवर न थांबता, त्यानंतर प्रमाणीकरण झालं का हेही बघितलं जातं. या सुधारणेने यंत्राचा उपयोग बराच वाढला.

२जीकडे ढकलल्याचा इशारा दोन रूपांत येतो. एक, टॉवर जोडणी सोडताना "आता अमुक २जी वारंवारितेवर जा" असं सांगतो. दोन, टॉवर स्वतःबद्दलची जी माहिती सगळ्या फोनसाठी सतत प्रक्षेपित करतो, तिच्या क्रमांक दिलेल्या भागांना एसआयबी म्हणतात; त्यांपैकी एसआयबी-६ आणि एसआयबी-७ या भागांत २जी-३जीच्या सेलना ४जीपेक्षा वरचा प्राधान्यक्रम दिलेला असतो. २जीमध्ये फोन स्वतःची ओळख पटवतो, पण नेटवर्कला कधीच पटवावी लागत नाही, म्हणून हल्लेखोराला तिथे न्यायचं असतं. ज्या देशांत २जी बंद झालं आहे तिथे हा इशारा अतिशय गंभीर. जिथे ते अजून चालू आहे आणि कॉलसाठी वापरलं जातं, तिथे खरा ऑपरेटरही असं पाठवू शकतो.

एन्क्रिप्शन नसल्याचा इशारा, म्हणजे ईईए-० ठरलं असं दिसणं. ईईए हे ४जीतल्या एन्क्रिप्शनच्या पद्धतींचं नाव, आणि ० म्हणजे एन्क्रिप्शनच नाही. ४जीच्या मानकात एन्क्रिप्शन ऑपरेटरच्या मर्जीवर आहे. तरीही रोज ईईए-१ किंवा ईईए-२ वापरणारं नेटवर्क एखाद्या जागी अचानक ईईए-० वर आलं, तर चौकशी करायलाच हवी. त्यासाठी तुमच्या नेटवर्कची नेहमीची सवय आधीच माहीत असली पाहिजे.

अपुऱ्या एसआयबीचा निकष आम्हाला मनापासून आवडला. खरा टॉवर एसआयबी-१ मध्ये पुढच्या भागांचं वेळापत्रक देतो, कारण त्याला फोन शेजारच्या सेलकडे सुरळीत सोपवायचे असतात. एसआयबी-३, ४, ५ हे त्यासाठीच. खोट्या टॉवरला शेजारी नसतात, आणि फोनने दुसरीकडे जावं असं त्याला वाटतही नाही. मग तो पहिल्या दोन भागांवरच भागवतो. एकटा हा इशारा आला तर टॉवरची मांडणी चुकली असेल. आयएमएसआयच्या इशाऱ्यासोबत आला तर मात्र गाठ पक्की बसते.

नोंद उघडून बघताना

इशारा आला की यंत्र बंद करू नका. वेळ आणि जागा वहीत लिहा. यंत्रातलं घड्याळ मागेपुढे असू शकतं, ते त्याच वेळी ताडून घ्या. शक्य असेल तर त्या जागेपासून दूर जाऊन पुन्हा परत या. सेटिंगमध्ये चालू केलं तर पॉवरचं बटण दोनदा दाबून नवी नोंद सुरू करता येते. त्यामुळे नेमक्या जागेची नोंद वेगळी राहते. मग झिप उतरवा. त्यातली पीकॅप फाइल वायरशार्क या नेटवर्कचे संदेश वाचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडते, मूळ क्यूएमडीएल फाइल, म्हणजे मोडेमची कच्ची नोंद, जपून ठेवायची.

वायरशार्कमध्ये नॅस संदेशांचे, म्हणजे मोडेम आणि ऑपरेटरचं मुख्य नेटवर्क यांच्यातल्या नियंत्रण-संदेशांचे, प्रकार-क्रमांक लक्षात ठेवले की काम सोपं होतं. हे सगळे हेक्साडेसिमल आहेत: ओळख मागणं ५५, ओळख देणं ५६, प्रमाणीकरणाची मागणी ५२, सुरक्षा ठरवण्याचा आदेश ५डी, अटॅचला (नेटवर्कला जोडून घेण्याच्या मागणीला) नकार ४४, ट्रॅकिंग एरिया अपडेटला (आपला ट्रॅकिंग एरिया, म्हणजे सेलचा गट, बदलल्याचं कळवण्याला) नकार ४बी.

संशयास्पद क्रम साधारण असा दिसतो. आधी एसआयबी-१ येतो. ऑपरेटरचा कोड ओळखीचा, पण ट्रॅकिंग एरिया कोड आसपासच्या कुठल्याच सेलशी न जुळणारा. यामागे कारण आहे. निवांत असलेला फोन त्याच ट्रॅकिंग एरियातल्या दुसऱ्या सेलवर गेला तर तो तोंडच उघडत नाही. त्याला बोलतं करायचं तर एरिया बदलला असं दाखवावं लागतं. मोडेम ट्रॅकिंग एरिया अपडेट पाठवतो. पलीकडून एकतर लगेच ओळख मागितली जाते, किंवा आधी ४बी येतो, त्यात नकाराच्या कारणाचा क्रमांक ९ किंवा १०, म्हणजे "तुझी ओळख पटत नाही" किंवा "तू आधीच सुटलेला आहेस". मोडेम बिचारा नव्याने अटॅच मागतो. मग ५५ येतो, मागणी आयएमएसआयची. ५६ मध्ये १५ आकडी क्रमांक उघडा जातो. यापुढे खऱ्या नेटवर्कने ५२ पाठवायला हवा. तो येतच नाही. येतो तो ४४, नकाराच्या कारणाचा क्रमांक १५, "या एरियात योग्य सेल नाही", आणि मोडेम आपला खऱ्या टॉवरकडे परत जातो. हे सगळं काही सेकंदांत उरकतं आणि फोन वापरणाऱ्याला सिग्नलची कांडी क्षणभर हलल्यासारखी वाटते, तेवढंच.

नकाराचं कारण ७ दिसलं तर फोनला ४जी सेवा नाकारली आहे आणि तो २जी-३जी शोधू लागेल. ८ असेल तर सगळीच सेवा बंद, आणि पुष्कळदा फोन बंद-चालू केल्याशिवाय ती परत येत नाही. हे नकार सुरक्षा ठरण्याआधी येत असल्याने त्यांवर कोणाची सही नसते, आणि फोन ते मुकाट्याने मानतो. ४जीचं मूळ दुखणं हेच आहे.

याउलट ५५-५६ नंतर ५२ आला, मोडेमने उत्तर दिलं, ५डी मध्ये ईआयए-२ (संदेशात फेरफार झाला नाही हे पडताळणारा) आणि ईईए-२ सारखे अल्गोरिदम ठरले आणि अटॅच मंजूर झालं, तर समोर बहुतेक खरं नेटवर्क आहे. सिममधल्या गुप्त किल्लीशिवाय हा टप्पा कोणालाही पार करता येत नाही.

सेलचा क्रमांकही बघा. तो २८ बिटांचा असतो. २५६ ने भागलं की येणारा पूर्णांक टॉवरचा क्रमांक, बाकी उरते ती त्या टॉवरवरच्या सेलची. नेहमीच्या रस्त्यावरच्या टॉवरचे क्रमांक आणि एरिया कोड आधीच टिपून ठेवलेत तर उपरा लगेच उठून दिसतो. ओपनसेलआयडीसारख्या टॉवरच्या खुल्या यादीत शोधता येतं, पण यादीत नाही म्हणजे खोटाच असं मानू नका. नवे टॉवर रोज उभे राहतात.

म्हणून आमचा आग्रह असा की यंत्र आणल्यावर पहिले दोन आठवडे कसलाही निष्कर्ष न काढता रोजच्या वाटेवर फक्त नोंदी जमवा. या काळात एकदा यंत्र बंद-चालू करून खऱ्या नेटवर्कवरची ५५-५६ ची देवाणघेवाण कशी दिसते तेही पाहून ठेवा. साठवण भरत जाते, तेव्हा आठवड्याला एकदा नोंदी उतरवून यंत्रावरच्या पुसा.

जे याला दिसत नाही

निव्वळ २जीवर चालणारा हल्ला रेहंटरच्या निकषांत बसत नाही. गाडीत ठेवलेल्या खोट्या २जी टॉवरवरून फसवे मेसेज टाकणाऱ्या टोळ्या वेगवेगळ्या देशांत पकडल्या गेल्या आहेत. त्यांच्याविरुद्ध फोनमध्ये २जी बंद करणं हाच जास्त चांगला उपाय. अँड्रॉइडमध्ये आवृत्ती १२ पासून, मोडेम साथ देत असेल तर, ही सोय आहे. आयफोनवर आयओएस १७ पासून लॉकडाउन मोड चालू केला की २जी बंद होतं.

स्वतः काहीच न बोलता फक्त ऐकणारं उपकरण यालाच काय, कोणालाही या मार्गाने सापडणार नाही. स्वतंत्र ५जीही याच्या आवाक्याबाहेर आहे, कारण हे मोडेम ४जीचे. तिथे ऑपरेटरने नीट मांडणी केली असेल तर सिमचा क्रमांक ऑपरेटरच्या सार्वजनिक किल्लीने झाकून पाठवला जातो, त्यामुळे धोकाही वेगळा. पण ४जीचा आधार घेऊन चालणाऱ्या ५जीमध्ये नोंदणी ४जीवरच होते, तेव्हा पडद्यावर ५जी दिसतंय म्हणून क्रमांक झाकलेला आहे असं समजू नका.

अँड्रॉइड १६ मध्ये फोनच नेटवर्कने ओळख मागितल्याची किंवा एन्क्रिप्शन नसल्याची सूचना देऊ शकतो. त्यासाठी मोडेममध्येच तशी सोय लागते, आणि ती मोजक्या फोनमध्ये आहे. शिवाय पुढे-मागे तपासायला त्यात पूर्ण संवादाची नोंद राहत नाही. तिथे रेहंटर पुढे आहे.

कोणी घ्यावा? पत्रकार, वकील, आंदोलनांत काम करणारे, सुरक्षेचा अभ्यास करणारे, आणि नेटवर्क कसं बोलतं हे प्रत्यक्ष पाहून शिकू इच्छिणारे विद्यार्थी यांनी जरूर. दोघांनी मिळून दोन यंत्रं वेगवेगळ्या ऑपरेटरच्या सिमसह बरोबर ठेवली तर फार उत्तम. एकाच जागी, एकाच सुमाराला दोन्हींवर तोच क्रम उमटला, तर योगायोग म्हणणं कठीण जातं. नोंद कोणाला तपासायला देताना ती उघड्यावर टाकू नका. ५६ क्रमांकाच्या संदेशात तुमचा आयएमएसआय जसाच्या तसा असतो आणि सेलच्या क्रमांकांवरून तुम्ही कुठून कुठे गेलात तेही कळतं. ज्याच्यावर विश्वास आहे अशाच जाणकाराला, एन्क्रिप्ट करून, मूळ क्यूएमडीएल फाइलसह पाठवा.